अठ्ठेचाळीस केबीतला ओढा

चोरीचा माल चोराच्याच घरातून आपल्या दुकानात दुरुस्तीला यावा, असं भाग्य लाखात एखाद्याला लाभतं. मला ते गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात लाभलं.

माझं दुकान मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत आहे. ईसीजीची मशीनं, सलाइनचे पंप, बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या, कंपनीचा माणूस ज्याला "आता नवीनच घ्या" म्हणतो ते सगळं माझ्याकडे येतं. डॉक्टर मंडळी मला मिलिंदराव म्हणतात. फार घाईत असले की नुसतं मिलिंद.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला पंचविशीतली एक मुलगी खोका घेऊन आली. "काका, जुना कंप्युटर आहे. सांगलीत तीन ठिकाणी दाखवला, सगळे हसले. एका डॉक्टरांनी तुमचं नाव सांगितलं."

मी खोका उघडला. आत काळं, वहीएवढं मशीन, आख्खी मेमरी अठ्ठेचाळीस केबी. रबराची करडी बटणं, खोडरबरासारखी मऊ. आणि उजव्या कोपऱ्यात, शून्याच्या बटणाशेजारी, प्लॅस्टिक वितळून झालेला नखाएवढा डाग.

तो डाग मी पाडला होता. सोळा वर्षांचा असताना, तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकीच्या जागी टेकवून. आता माझ्याकडे तसली सात आहेत, पण ते पहिलं आठवतं.

"कुणाचं मशीन?" मी विचारलं. आवाज नेहमीचा ठेवायला मला कष्ट पडले.

"पप्पांचं. त्यांनी शाळेत असताना याच्यावर मराठी गेम केला होता. आपल्या भागातला पहिला. सांगलीत आमच्या कंप्युटर इन्स्टिट्यूटला पंचवीस वर्षं होतायत, तर काचेच्या कपाटात कायमचा ठेवायचाय. पण चालू पाहिजे, मुलांना खेळता आला पाहिजे. ही त्याची कॅसेट." मग तिला आठवलं. "मी शिवांजली. पप्पांचं नाव जयराज." आडनावही तिनं सांगितलं. मला ते ऐकायची गरज नव्हती. माझे कान तापले होते.

"ठेवून जा. होईल."

"नक्की होईल ना काका?"

"व्हायलाच पाहिजे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात एवढं खरं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला बोललो नाही.

चोरी काय होती ते आता सांगतो.

आमचं गाव कुंडलकडून कडेगावला जाताना लागतं. माझे वडील आप्पासाहेब, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. हंगामात ते बैलगाडीनं ऊस कारखान्याला न्यायचे. ऊस लालासाहेबांचा. गावात निम्मा ऊस त्यांचाच होता आणि कारखान्यातही त्यांचा शब्द चालायचा. त्यांचा जयराज माझ्या वर्गात. त्याचे मामा फौजेतून सुटून मस्कतला नोकरीला होते. त्यांनी अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात भाच्याला हे इंग्लंडी मशीन आणून दिलं. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, टेप पाच मिनिटं किंचाळायची, पडद्याच्या कडेला पट्टे नाचायचे आणि मग गेम सुरू व्हायचा.

जयराजला ते जोडता येईना, म्हणून त्यानं मला बोलावलं. मला आतल्या सोप्यात न्यायचं नव्हतं. म्हणून टीव्ही, टेप, मशीन सगळं ओट्यालगतच्या खोलीत आलं. ज्या टीव्हीपुढं तालुक्याचे पुढारी चहा प्यायचे तो माझ्यासाठी चार पावलं बाहेर आला, याचा मला त्या वयात अभिमान वाटला होता. किती येडा होतो मी.

महिन्याभरात जयराज विमानं पाडून कंटाळला. मी मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत बसलो आणि दिवाळीपर्यंत माझा स्वतःचा गेम लिहून झाला. नाव ठेवलं 'गाडीवान'. फडातून ऊस भरायचा, गाडी हाकायची आणि बैल जिवंत ठेवून कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचायचं. पडद्याच्या वर बैलांच्या तहानेची एक निळी रेघ. रस्ता वाढेल तशी ती आखडत जाते. संपली की बैल बसतात, डाव संपतो.

निम्म्या वाटेवर एक हौद लागतो. रेघ तिथं अगदी बोटभर उरलेली असते, त्यामुळे खेळणारा तिथं थांबतोच. आणि थांबला की बैल बसतात.

याच्यात माझा काही डाव नव्हता, हे शपथेवर सांगतो. मी आमचा रस्ता होता तसा लिहिला होता. तो हौद लालासाहेबांच्या दारातला. आमच्या वस्तीच्या बैलांनी त्याला तोंड लावायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण मी बारा वर्षांचा असताना आमच्या पाखऱ्यानं एकदा लावलं, तर आख्खा हौद उपसून घासून धुतला होता आणि आप्पांना ते उभं राहून बघायला लावलं होतं. तेव्हापासून आप्पा हौद आला की कासरा ढिला सोडायचे, पुढच्या बाभळीपाशी डावीकडे उतरायचे आणि बैलांना ओढ्यावर पाजायचे. माझ्या गेममध्येही तेच. तहानेनं जीव चाललेला असताना हौद सोडून पुढं जायचं, बाभळीखालून डावीकडे वळायचं, ओढ्याला पाणी पाजायचं. हे ज्याला कळेल त्याचीच गाडी काट्यावर पोचायची. जयराजनं पन्नासदा खेळून बघितला. पन्नासदा त्याचे बैल हौदावर बसले. "गेमच गंडलाय रं तुझा," तो म्हणायचा. आपल्या दारातला हौद सोडून जायचं त्या पोराला सुचणारच नव्हतं.

काट्यावर पोचलं की पावती यायची. ती मला मराठीत पाहिजे होती आणि मशीनला मराठी येत नव्हतं. फक्त एकवीस आकार आपल्या मनानं काढता यायचे, प्रत्येक आकार आठ बाय आठ चौकोनांचा. बैल, चाक, ऊस, हौद, बाभूळ यांत आठ गेले. उरले तेरा. त्यांत मी अक्षरं काढली, चौकटीच्या वहीत एकेक चौकोन काळा करून. 'गाडीवान' आणि 'आप्पासाहेब' एवढ्याला बारा आकार लागले. एक उरला. एका आकारात माझं नाव बसत नव्हतं.

आप्पांना दाखवायचं राहून गेलं. हंगाम सुरू झाला होता आणि ते फडावरच असायचे.

डिसेंबरात पेपरात फोटो आला. पुण्यातल्या एका संस्थेनं शाळकरी मुलांसाठी संगणकाची स्पर्धा घेतली होती आणि 'गाडीवान' नावाचा गेम करणाऱ्या जयराजला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बघणाऱ्यांनी पहिली दोन मिनिटं बघितली असतील. बैल चालताना दिसले की खूश झाले असतील. मी धावत त्याच्या घरी गेलो.

"मशीन कुणाचं हाय?" जयराज म्हणाला. "माझं. मग गेम कुणाचा?"

तिथं टेपवर माझी कॅसेट पडली होती, माझ्या अक्षरातली. मी ती उचलली आणि घरी आलो. झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी आप्पांना कारखान्याच्या काट्यावर गाठलं. साठ-सत्तर गाड्या नंबराला लागलेल्या, गाडीवान विड्या ओढत बसलेले, मी आप्पांबरोबर गाडीवर.

"तुझं पोरगं चोर हाय, आप्पा. माझ्या घरातनं कॅशेट उचलली."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "चोरलीस व्हय रं?"

"न्हाई. माझीच हाय."

"बास," आप्पा मला म्हणाले. मग गाडीवरून खाली उतरले, डोक्याचं पागोटं काढून लालासाहेबांच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाले, "पोरगं हाय. पदरात घ्या." कॅसेट त्यांनी माझ्या खिशातून काढून दिली. त्यांना माहीत होतं मी खरं बोलतोय. पण त्यांना गाडीचा नंबर टिकवायचा होता. तो टिकला नाहीच. दुसऱ्या हंगामापासून आमची गाडी कुणी लावली नाही आणि गावात आम्ही चोराचं घर झालो. आप्पांनी ते पागोटं पुन्हा कधी बांधलं नाही. दोन हजार चारला गेले, तोवर उघड्या डोक्यानं फिरले. लग्नातसुद्धा.

आता तुम्ही सांगा, असलं मशीन माझ्या टेबलावर आलं तर मी काय करावं?

पहिले दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. नुसता बघत बसायचो. उलटी वायर दिली असती तर पाच सेकंदांत धूर निघाला असता आणि "फार जुनं होतं हो" म्हणून हात झटकता आले असते. मला तसं करावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी स्क्रू काढले आणि कामाला लागलो.

आतले कंडेन्सर वाळून खडंग झाले होते, ते सगळे बदलले. मेमरीच्या चिपांपैकी दोन मेल्या होत्या; एक मला बेंगळुरूहून मिळाली, दुसरी एका भंगारातल्या मशीनमधून काढली. रबरी बटणांखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा हात लावताच तुटला. नवा परदेशातून मागवला, तो यायला तीन आठवडे गेले. जुन्या टीव्हीच्या अँटेनाला जाणारा सिग्नल आताच्या पडद्यांना कळत नाही, म्हणून आतून वेगळी वायर काढून मोठ्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. मूळ मशीनचा आवाज डासाएवढा. मी त्याला छोटा स्पीकर लावला आणि मागं आवाजाचं बटण दिलं. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या हौसेचं होतं.

कॅसेटवर बुरशी आली होती. ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, मोठ्या जपणुकीनं एकदाच वाजवली आणि आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. आता टेपची गरज नव्हती. मोबाइलची पिन मशीनला लावली, बटण दाबलं. तेच किंचाळणं, तेच निळे-पिवळे पट्टे. माझी बायको माया डबा घेऊन आली होती, तिनं कानांवर हात ठेवले.

पडद्यावर बैल आले. मी गाडी हाकली, हौद सोडला, बाभळीखालून उतरलो, पाणी पाजलं, काट्यावर गेलो. 'गाडीवान आप्पासाहेब.' छत्तीस वर्षं माझ्या बापाचं नाव त्या फितीवर तसंच पडून होतं आणि चोराला त्याचा पत्ता नव्हता. मी ढसाढसा रडलो. मायानं डबा बाजूला ठेवला आणि मला रडू दिलं.

ती शाळेत शिकवते, तिचं डोकं सरळ चालतं. "तुमच्या हातात आहे ना सगळं?" ती म्हणाली. "मग घाला पहिल्याच पानावर तुमचं नाव. मोठ्या अक्षरात."

"एक ठिपका जरी बदलला तरी मी खरंच चोर ठरतो."

"मग काय करणार?"

"काही नाही. चांगला दुरुस्त करून देणार. सगळ्यांसमोर चालेल असा."

शिवांजली न्यायला आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं, "समारंभात सरांना स्वतः खेळायला सांग बरं का. ज्यानं गेम केला त्यानंच तो शेवटापर्यंत न्यावा, त्यात शोभा असते." पोरगी खूश झाली. मला आमंत्रण देऊन गेली. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, पण फार नाही.

संध्याकाळी घरी आईला सांगितलं. माझी आई बनाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"कुणाचा कार्यक्रम म्हनलास?"

"लालासाहेबाच्या जयराजचा."

तिनं निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी येणार. मला त्याचं त्वांड बघायचं हाय."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं सांगलीला गेलो. आईनं विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसली होती. हॉल भरलेला, तीनशे तरी पोरं असतील. व्यासपीठावर पाहुणे, सगळ्यांना फेटे. जयराजला लाल फेटा, तुरा वितभर वर. पोट सुटलंय, बाकी तोच. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

आधी सत्कार. माझंही नाव पुकारलं, "मिरजेचे तंत्रज्ञ मिलिंदराव." मी वर गेलो. त्यानं माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, "धन्यवाद, धन्यवाद" म्हणाला आणि फोटोवाल्याकडे बघून हसला. माझ्या तोंडाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. पायऱ्या उतरताना माझ्या मनात जी काही थोडी दयामाया होती ती त्या नारळाबरोबर मी मायाच्या पिशवीत टाकली.

मग त्याचं भाषण. "ना गुरू, ना पुस्तक, ना मार्गदर्शन. ओट्यावरच्या छोट्या खोलीत एकटा बसून मी एकेक ओळ लिहिली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. ओटा त्याच्या लक्षात होता. ओट्यावर का, तेवढं विसरला होता.

मशीन चालू झालं. मोठ्या पडद्यावर पट्टे नाचले, माझ्या स्पीकरनं हॉल दणाणून सोडला आणि बैल आले तेव्हा पोरांनी शिट्ट्या घातल्या. एक मुलगा खेळला, हौदावर बैल बसले. दुसरा खेळला, बसले. तिसरी अंकिता नावाची चष्मेवाली मुलगी, ती हुशार. तिनं रेघ बघून गाडी जपून हाकली आणि हौदावर थांबली. बसले.

"सर, इथून पुढं कसं जायचं?" ती म्हणाली. "तुम्ही दाखवा ना."

"हो पप्पा, तुम्हीच दाखवा," शिवांजली म्हणाली. पोरांनी "सर! सर!" चालू केलं.

जयराज हसत मशीनपुढं बसला. हौदापर्यंत झोकात गेला. थांबला. बैल बसले. तो पुन्हा खेळला. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं कपाळ पुसलं, माइक हातात घेतला आणि म्हणाला, "जुनं मशीन आहे. दुरुस्तीत काहीतरी बिघडवलंय. मेकॅनिकनं हात घातला की असंच होतं."

छत्तीस वर्षांनी त्यानं पुन्हा माझ्यावरच घातलं. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. ह्याच वाक्यासाठी मी एवढे कंडेन्सर बदलले होते.

मी उभा राहिलो. "मशीनला काही झालेलं न्हाई, जयराज."

गावाकडची हाक ऐकून त्यानं आता बघितलं. माझ्याकडे, मग शेजारी आईकडे. त्याचा चेहरा उतरला. ओळख पटल्यावर माणूस असा दिसतो हे मी मनात किती वेळा चितारलं होतं, तरी प्रत्यक्षात त्याहून गोड होतं.

"गेम तुझा हाय न्हवं?" मी म्हणालो. "मग ने की फुडं. न्हाईतर सांग, येत न्हाई म्हणून."

मी वर जाऊन स्वतः खेळून दाखवायचं ठरवलं होतं. बोलायचं काय तेही पाठ करून आलो होतो. पण मी पाऊल टाकायच्या आत शेजारून आईचा आवाज आला. ती इतका वेळ चष्मा सावरत पडद्यावरची गाडी बघत होती. तिला ना कंप्युटर कळत होता ना गेम. तिला रस्ता कळला होता.

"आवं, हौदाला कशाला थांबवताय सारखं सारखं? त्यो आपला हौद न्हवं. बैलं बसत्यात तिथं. बाभळीपास्नं डाव्या अंगाला खाली घ्या. वढ्याला न्या."

ती जयराजशी बोलतच नव्हती. ती त्या गाडीवानाला सांगत होती.

अंकिता आधी ओरडली. "सर, आजी म्हणतायत तसं करा ना!" मग सगळी पोरं सुटली. "वढ्याला न्या सर! वढ्याला न्या!"

जयराजला उठून जाता आलं असतं. पण लेक शेजारी उभी, पाहुणे मागं, तीनशे पोरं पुढं. आणि माझा अंदाज असा की त्याला स्वतःलाही बघायचं होतं पुढं काय आहे ते. त्यानं बटणांवर बोटं ठेवली.

गाडी निघाली. निळी रेघ आखडत आली. हौद दिसताच त्याचं बोट सवयीनं वर झालं, पोरं "नको! नको!" म्हणून ओरडली आणि गाडी हौदावरून पुढं गेली. लालासाहेबांचा मुलगा आपल्या दारातला हौद सोडून तहानलेले बैल पुढं हाकत होता. रेघ केसाएवढी राहिली. बाभूळ आली. "डावं, डावं," आई म्हणाली. तो डावीकडे वळला. पडद्यावर निळा ओढा आला, बैलांनी माना खाली घातल्या आणि रेघ भराभरा भरली. पोरांनी बाकं बडवली. त्यानंतर काट्यापर्यंत सरळ रस्ता होता.

पावती उमटली. माझी वेडीवाकडी, चौकोनी अक्षरं, पुरुषभर उंचीची.

अंकितानं मोठ्यानं वाचलं, "गाडीवान आप्पासाहेब." मग विचारलं, "सर, हे कोण?"

आई काठी टेकून उभी राहिली. "ते माझं मालक हायत," ती म्हणाली आणि पुन्हा बसली.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. म्हणून जे होतं तेवढंच सांगितलं. हा गेम मी लिहिला. हा माझ्या बापाचा रस्ता. तो यानं चोरला आणि चोर मला ठरवलं. त्याच्यापायी माझ्या बापानं काट्यावर, साठ गाड्यांपुढं, पागोटं काढून याच्या बापाच्या पायाशी ठेवलं.

"पप्पा?" शिवांजली म्हणाली. "गेम कुणी केला?"

"मिलिंदनं," तो पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाई," मी म्हणालो. "माइकवर."

मायानं माझा शर्ट मागून ओढला, पुरे म्हणून. मला पुरे झालं नव्हतं. त्यानं माइक उचलला. "गेम मिलिंदनं केला. सगळा."

"आता फेटा काढ."

एक पाहुणे काहीतरी बोलायला उठले. जयराजनं हातानंच त्यांना थांबवलं. फेट्याला दोन्ही हात लावले, उचलला. तुरा मोडला. फेटा हातात घेऊन तो खाली उतरला, तिसऱ्या रांगेपाशी आला आणि आईच्या पायाशी वाकायला लागला. खाली वाकताना त्याचं टक्कल दिसलं.

आईनं पाय मागं घेतले. "पाया नका पडू," ती म्हणाली. "डोस्कं तेवढं ऱ्हावू द्या उघडं. आमचं मालक सोळा वरसं तसंच हिंडलं."

तो फेटा तसाच हातात धरून उभा राहिला. आम्ही निघालो.

आठ दिवसांनी शिवांजलीचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "काका, मशीन तुम्ही घेऊन जा. ते तुमच्याकडेच असायला हवं."

"नको," मी म्हणालो. "तिथंच ठेव. पण कपाटाला कुलूप लावू नकोस. पोरांना खेळू दे. त्याची देखभाल माझ्याकडे."

पोरगी समजूतदार निघाली. मशीन तिथंच आहे, बाहेरच्या मोठ्या खोलीत, जयराजच्या केबिनच्या बरोबर समोर. पाटीवर गेम कुणी केला ते तिनं स्वतः लिहून घेतलंय, खरं तेच. जयराजनं मला दोनदा निरोप पाठवला, झालं गेलं विसरू या म्हणून. मी उत्तर दिलं नाही. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी सांगलीला जातो. पोरं मशीनभोवती गर्दी करून असतात. नवीन कुणी हौदावर थांबायला लागला की बाकीची ओरडतात, "वढ्याला ने, वढ्याला!" आणि समोरच्या केबिनचं दार आतून लोटलं जातं. मी पोरांना जरा बाजूला करतो, बटणांवरची धूळ पुसतो, वायरी बघतो आणि आवाज थोडा वाढवून घरी येतो.